गुडघ्याएवढी आग

वेलदोडा, जायफळ आणि जळलेले सुती कापड. हे तीन वास एकत्र आले की मी असेन तिथून उठून खंडेराव गेटजवळच्या एका घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहते. निवृत्त होऊन आता सहा वर्षे झाली. पुष्कळ प्रकरणांचे कागद मनात पुसट झाले आहेत. हे एक मात्र नाकाच्या वाटेने आत येते आणि पहिल्या दिवसाइतके ताजे होऊन बसते. त्यातल्या कुणाचेही नाव मी लिहिणार नाही. ती माणसे याच शहरात राहतात आणि बाजारात भेटली की मला थांबवून बोलतात. त्या बोलण्याची कृतज्ञता मनात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

त्या वेळी मी कोतवालीत उपनिरीक्षक होते. झाशीच्या जुन्या मराठी घरांपैकी एकात वाढल्यामुळे माझी मराठी घरातली, हिंदी खात्यातली आणि बुंदेली रस्त्यावरची. शिक्षण साहित्याचे, कवितेच्या ओढीने एम.ए. केले आणि नंतर वर्दी घातली. ठाण्यात माझी ख्याती होती ती नाकामुळे. पंचनाम्याला गेले की मी आधी क्षणभर डोळे मिटून उभी राही. आमचे दीवानजी, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारे हवालदार, नव्या शिपायांना बजावत, "मॅडम पहले सूँघती हैं, बाद में देखती हैं. मोज़े धोकर आया करो."

भाद्रपदातली संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचे जेवण. दिवेलागणीला फोन आला की एका मराठी घरात भडका उडाला, दोन बायका भाजल्या. रोजनामच्यात नोंद करून आम्ही निघालो. अग्निशमन दलाची गाडी आमच्या पुढेच गल्लीच्या तोंडाशी पोहोचली होती, पण तिला फारसे काम उरले नव्हते. आग जशी आली तशी निघून गेली होती.

त्या घरात तेव्हा दोघीच होत्या, साठी ओलांडलेली सासू आणि पंचविशीतली सून. मुलगा अभियांत्रिकी कारखान्याच्या नोकरीत दूर दक्षिणेत बदलीवर. सासूबाई सोवळ्याच्या पक्क्या. नैवेद्याचा स्वयंपाक रोजच्या ओट्यावर त्यांना चालत नसे. त्यासाठी देवघराच्या खोलीतच, जमिनीवर, एक छोटा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी वेगळी ठेवलेली होती. सोवळ्यात कुणी आत यायचे नाही म्हणून दार लोटलेले. मांजर शिरू नये, नंदादीप विझू नये म्हणून एकुलती खिडकी बंद. पुरण शिजवून त्यांनी शेगडी बंद केली आणि पाटावर बसून त्या कापसाची गेजवस्त्रे करू लागल्या. तिन्हीसांजेला सुनेने बाहेरच्या स्वयंपाकघरात निरांजन लावले, दार उघडून आणले आणि उंबऱ्याच्या आत वाकून रांगोळीशेजारी ठेवले.

"जमीनच पेटली, मॅडमजी," सून मला म्हणाली. एवढेच तिला सांगता येत होते. तिची पावले आणि पोटऱ्या भाजल्या होत्या, आणि सासूला ओढून बाहेर काढताना दोन्ही तळहात. सासूबाई जमिनीवर बसलेल्या, त्यामुळे त्यांच्या पायांना, कमरेला आणि डाव्या हाताला मोठ्या जखमा झाल्या होत्या. त्या बेशुद्ध होत्या. त्यांना इस्पितळात हलवले.

मी खोलीत डोळे मिटून उभी राहिले. पुरणातला वेलदोडा आणि जायफळ, जळलेले लुगडे, तूप, ओला झालेला चुना. डोळे उघडल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. चारही भिंतींवर एक रेष होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिच्याखाली चुना तडकून काळवंडलेला. वर मात्र धुराची पुसट झाक आणि बाकी पांढरे. खुंटीवरची झेंडूची माळ अजून टवटवीत होती. छातीएवढ्या उंचीच्या देव्हाऱ्यात नंदादीप शांत तेवत होता. मी ती रेष पट्टीने मोजली आणि पंचनाम्यात लिहिली. अर्थ मात्र मला कळला नाही.

सिलिंडरची रबरी नळी तोंडाशी सैल होती. ती आपोआप सैल झाली की कुणी केली, हा पहिला प्रश्न. आमची गल्ली अशी की समोरच्या घरी फोडणी पडली तर इकडच्या घरी ठसका लागतो. तरीही शेजारच्या तिन्ही घरांनी एकच सांगितले, गॅसचा वास कुणालाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची मुलगी, म्हणजे सुनेची नणंद, सदर बाजाराच्या बाजूच्या आपल्या सासरहून आली आणि लेखी तक्रार घेऊन माझ्या टेबलासमोर बसली. इस्पितळात रात्र काढलेली. डोळे सुजलेले, पण आवाज कापत नव्हता.

"दादानं ही टहरौलीहून, एका बुंदेली घरातून करून आणली, मॅडम. आमच्यातली नाही ही. आईनं तरी मनाला लावून घेतलं नाही. सोवळं शिकवलं, पुरण शिकवलं, मराठी शिकवली. चार शब्द आले म्हणजे आमची झाली का? आई सारखी टोकायची, तेच हिला खुपलं. हिनंच गॅस सोडला आणि दिवा आत ठेवला."

"तुम्ही पाहिलंत?"

"बघायला हवं का? आई आत कोंडलेली, दिवा हिच्या हातात. आणखी काय बघायचं?"

तक्रार नोंदवली गेली. तपास माझ्याकडे आला. त्या वेळी मी जसा विचार केला तसा इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण चूक माझ्या विचारातच होती. गॅस बराच वेळ गळत असता तर शेजाऱ्यांना वास आला असता. तो आला नाही. गॅस बराच वेळ गळत असता तर देव्हाऱ्यातल्या नंदादीपानेच तो आधी पेटला असता. तोही पेटला नाही. म्हणजे गॅस निरांजन आणण्याच्या अगदी आधी, एकदम, मुद्दाम सोडला गेला. दोन्ही धागे एकाच हाताशी जात होते आणि त्या हातावर बँडेज होते.

सुनेला मी दोन दिवस दिवसाउजेडी ठाण्यात बोलावले. महिला शिपाई तिला धरून आणी. भाजलेली पावले टेकवायला तिला स्टूल द्यावे लागे. मलमाचा वास खोलीभर पसरे.

"गॅसचा वास आला होता?"

"नाही."

"आला असेल. तुझं लक्ष नसेल."

"नाही, जिज्जी."

जिज्जी म्हणजे बुंदेलीत थोरली बहीण. मी म्हणाले, "मला जिज्जी म्हणू नकोस. इथं मी पोलीस आहे."

"हओ." तिने मान खाली घातली. मग पुन्हा वर केली. "पण वास नाही आला."

"बरं. हा छोटा सिलिंडर भरून कुणी आणला? कुठून?"

तिने स्टुलावरचे पाय जवळ ओढले.

"माहीत नाही का?"

"माहीत आहे. सांगणार नाही."

"का?"

"नाही सांगणार, बस."

वीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले होते. खोटे बोलणारा माणूस प्रत्येक वेळी नवा तपशील जोडतो. खरे बोलणारा तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतो. माझ्यासमोर बसलेली मुलगी दोन दिवस एकच शब्द सांगत होती. मी स्वतः शिकलेले त्या दिवशी विसरले. तिचे रडणे नव्हते, पाया पडणे नव्हते, हुंदका नव्हता. तो शांतपणा मला निगरगट्टपणा वाटला. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "खोटं बोलतेस तू. घरात गॅस भरलाय आणि वास नाही, असं या जगात होत नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. अनोळखी भाषेत कुणी काही बोलले तर आपण पाहतो, तसे पाहणे होते.

केस डायरीत मी लिहिले, 'उत्तरे टाळते.' तिसऱ्या दिवशी अटक दाखवली. न्यायालयाने तिची रवानगी कारागृहात केली. नवरा दक्षिणेतून दोन गाड्या बदलून आला तो थेट ठाण्याच्या व्हरांड्यात. एका बाकावर बहीण, दुसऱ्या बाजूला व्हॅनमध्ये चढणारी बायको. तो दोघींच्या मधोमध उभा राहिला, पाण्याची बाटली हातात धरून, कुणाला द्यावी हे न कळून. गुन्हा हत्येच्या प्रयत्नाचा होता. सासूबाई दगावल्या असत्या तर तो हत्येचा झाला असता, आणि त्या मुलीचे उरलेले आयुष्य माझ्या त्या दोन धाग्यांना टांगलेले राहिले असते.

आगीला पाच दिवस झाले. सासूबाई शुद्धीवर येत आणि पुन्हा औषधांच्या गुंगीत जात. डॉक्टर जबाबाला परवानगी देत नव्हते.

त्याच दिवशी दुपारी दुसऱ्याच कामासाठी सदर बाजारात गेले होते. तिथे एक बाई चाटची गाडी लावत असे. टिक्कीवर जिरे असे भाजून टाकी की वास कोपऱ्यावरच पकडी. मी टिक्की घेत असताना तिचा गॅस संपला. तिने गाडीखालून दुसरा छोटा सिलिंडर ओढला, नळी जोडली, नळीचे तोंड नीट बसेना म्हणून दोनदा काढून घातले. सूऽऽ असा बारीक आवाज आला. सवयीने मी नाक आक्रसले आणि वाट पाहत राहिले. आवाज ऐकू आला, पण वास आला नाही.

माझ्या हातातली पत्रावळ तशीच राहिली.

"अम्मा, गैस निकली न अभी?"

"निकली तो." ती हसली. "घबराओ मत दरोगाजी, ये बिना बास वाली है. टिक्की में बदबू नहीं बसती. आप लोगों के यहाँ तो सब यही मँगाती हैं. पूजा वाली गैस बोलते हैं इसको."

"हमारे यहाँ? कौन?"

"अरे, आपकी मराठी पंडिताइनें. कहती हैं, भगवान के आगे लहसुन की बास नहीं चाहिए."

खबऱ्याने आणून दिलेल्या कितीतरी खबरा मी नोकरीत ऐकल्या. एवढी मोठी खबर इतक्या सहज, जिऱ्याच्या वासात गुंडाळून, मला कुणीही दिली नव्हती. त्या बाईचे आभार मी नंतर अनेकदा मानले. तिला अजूनही वाटते की मी टिक्कीचे आभार मानते.

वाक्य कळले होते, पण त्याचा अर्थ लावायला मला माणूस हवा होता. इंटरला मला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या आणि ठाण्यापासून दहा मिनिटांवर राहत. त्या विषयात मी कशीबशी तरले होते. प्रयोगवहीच्या समासात कविता लिहिताना बाईंनी मला एकदा पकडले आणि वही परत देताना म्हणाल्या होत्या, "कविता कर. पण आधी कार्बनचे हात मोज."

मी गेले तेव्हा बाई स्वयंपाकघरात भिजलेले हरभरे निवडत होत्या.

"काय गं कवयित्री, चोर धरतेस की यमकं?"

"बाई, गॅसला वास नसतो असं होतं का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "इंटरला मी हे दोन तास शिकवलं होतं. तू तेव्हा खिडकीतून पळस बघत होतीस." मग हिराच्या झाडूतून चार-सहा काड्या मोडून घेतल्या आणि एका हरभऱ्यात चार बाजूंनी चार तुकडे खोचले. "हा कार्बन. याला किती हात?"

"चार."

"चारही हातांत एकेक हायड्रोजन दे. झाला मिथेन. दोन कार्बन एकमेकांचा हात धरून, उरलेल्या हातांत हायड्रोजन, की इथेन. तीन झाले की प्रोपेन, चार झाले की ब्युटेन. तुझ्या सिलिंडरात मुख्यतः हे शेवटचे दोघं." ताटात हरभऱ्यांची माळ लांबत गेली. "आणखी लांबव. वायूचं पातळ होतं, पातळाचं घट्ट. पेट्रोल, मग रॉकेल, पुढे मेणबत्तीचं मेण. सगळं एकच घराणं, माळ फक्त आखूड की लांब. याला अल्केन म्हणायचं. आता सांग, यातला एखादा हात रिकामा दिसतो?"

"नाही."

"म्हणून संपृक्त. भरलेले. ज्याचे सगळे हात गुंतलेले, तो कुणाच्या अंगचटीला जात नाही. हा वायू शांत असतो. रंग नाही, वास नाही. ठिणगी पडेपर्यंत तो घरात आहे हे कुणाला कळायचंही नाही."

"पण आपल्या घरच्या गॅसला तर..."

"तो वास गॅसचा नव्हे गं. बाहेरून घालतात. गंधकाचं एक संयुग, अगदी थेंबभर. सडका कांदा, कुजका लसूण, तसा वास. गळला तर माणसाच्या नाकाला कळावं म्हणून. तो नसेल तर वास मुळीच येणार नाही, आणि आला नाही म्हणून गॅस नव्हता असंही नाही."

 ठाण्यात टेबलावर हात आपटून मी जे वाक्य बोलले होते, ते या हरभऱ्यांच्या ताटाने मला परत दिले.

"एक राहिलं, बाई. देव्हाऱ्यात दिवा जळत होता. गॅस आधीपासून असता तर त्यानंच पेट घेतला असता ना?"

"दिवा केवढ्या उंचीवर होता?"

"माझ्या छातीएवढ्या."

"आणि निरांजन?"

"जमिनीवर."

बाईंनी हातातली काडी खाली ठेवली. "प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे. ब्युटेन दुप्पट. बंद खोलीत, वारा नसताना, हा वायू पाण्यासारखा तळाशी साचतो. वरच्या दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. खाली दिवा ठेव, की..."

 मला भिंतीवरची रेष दिसत होती. गुडघ्याएवढी. मी स्वतः मोजलेली, स्वतः लिहिलेली. वायूने आपली उंची भिंतीवर लिहून ठेवली होती, आणि ती वाचायला मी पाच दिवस उशीर केला होता. जमीनच पेटली, असे ती मुलगी म्हणाली होती. त्याहून अचूक जबाब मी कधी नोंदवला नाही.

आणि कांदा-लसूण. ते तर मला कुणी सांगायला नको होते. माझी आई महालक्ष्म्यांच्या दिवशी सोवळ्यात गॅस पेटवताना तोंड फिरवून घेत असे आणि पुटपुटे, "मेला लसणाचा वास देतो, आणि देवीपुढे हाच लावायचा." ज्या घरांत नैवेद्याच्या दिवशी कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरांना कुणीतरी कांद्याच्या वासाविना गॅस देऊ केला होता, आणि त्यांनी तो भक्तीने घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाटवाल्या बाईने तिचा भरलेला सिलिंडर आमच्या हवाली केला. पोलीस लाइनच्या मागच्या मोकळ्या मैदानात, दोन पंच आणि अग्निशमन दलाचे एक अधिकारी यांच्यासमोर आम्ही तो ठेवला. बाईंनी बजावून पाठवले होते, "खोलीत नाही. वाऱ्याची दिशा बघ. आणि तुमच्या त्या दीवानजींची बिडी काढून घे." मी ती खरोखरच काढून घेतली. नळीच्या तोंडाशी साबणाचे पाणी लावून अधिकाऱ्यांनी झडप केसभर सैल केली. फेसात बुडबुडे उठले, फुगले, फुटले. गॅस निघत होता यात शंका नव्हती. एकेक जण हातभर अंतरावरून हुंगून मागे सरला. मी सगळ्यांत शेवटी गेले. ओले गवत, साबण, कुणाच्या तरी डोक्याचे तेल. बाकी काही नाही. माझ्या नाकाला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"क्या लिखूँ, मॅडम?" दीवानजींनी विचारले.

"लिखिए, गैस निकलती देखी गई. गंध किसी को नहीं आई."

त्याच दुपारी इस्पितळातून निरोप आला. दंडाधिकाऱ्यांसमोर सासूबाईंचा जबाब होणार होता. त्या आधी मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मलाच विचारले, "सून कुठाय माझी? तिचे पाय कसे आहेत?"

मी दंडाधिकाऱ्यांसाठी दारातून बाजूला झाले. शेजारी उभ्या असलेल्या नणंदेने त्यांची चादर सारखी केली.

जबाबात त्या तुटक तुटक बोलल्या. "तो सिलिंडर मीच मागवला. बिनवासाचा. देवीपुढं कांदा नको म्हणून. नळीही मीच जोडली, ती पहिल्यापासून सैलच बसत होती. लेक ओरडते मला, आई सोवळं सोवळं करून जीव देशील म्हणते. म्हणून सुनेला शपथ घातली, हिला सांगायचं नाही." थोडे थांबून त्यांनी मुलीकडे पाहिले. "सांगितलं नाही ना तिनं?"

"नाही, आई," नणंद म्हणाली, आणि पलंगाचा लोखंडी दांडा धरून खाली बसली.

गॅस भरून देणारा माणूस संध्याकाळच्या आत सापडला. शहराबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये तो मोठ्या टाकीतून छोटे सिलिंडर भरत होता. सुगंधी फवाऱ्यांच्या डब्यांत भरायला कारखान्यांना वास न घातलेला गॅस लागतो. तसा गॅस नेणाऱ्या एका टँकरमधून तो चोरून उतरवून घेत असे. माझ्यासमोर बसताना त्याचा आव एखाद्या भाविकाचा होता.

"मॅडम, लोग खुद माँगते थे. मैंने क्या बिगाड़ा? बदबू ही तो कम की."

"वो बदबू चौकीदार थी," मी म्हणाले. "तुमने हर घर का चौकीदार उठवा दिया."

तो हसण्याच्या बेतात होता, पण माझा चेहरा पाहून थांबला. मी त्याला त्या खोलीचे छायाचित्र दाखवले, भिंतीवरच्या रेषेचे. ती कशाची आहे हे सांगितले, तो पाट कुठे होता हे दाखवले.  मग त्याने पाणी मागितले आणि न विचारता घरे सांगू लागला. कोणत्या गल्लीत, कोणत्या दारी, कोणत्या सणाला. दीवानजी लिहीत गेले. त्याच दिवशी आणि दुसऱ्या सकाळी आमचे शिपाई दारोदार फिरून ते सिलिंडर गोळा करून आणत होते. एका वृद्ध बाईंनी शिपायाला उंबऱ्याबाहेर थांबवून, सोवळ्यात असल्याने, सिलिंडर काठीने ढकलत बाहेर दिला. कोतवालीच्या अंगणात ती रांग लागली तेव्हा मला भरून आले. त्यातला प्रत्येक सिलिंडर एका खोलीचा होता, आणि त्या सगळ्या खोल्या अजून धड होत्या.

न्यायालयात अहवाल दिला. पुढे प्रयोगशाळेनेही त्या गॅसमध्ये वासाचे द्रव्य नसल्याचे कळवले. सून बाहेर आली तेव्हा कारागृहाच्या दाराशी तिचा नवरा होता, नणंद होती, आणि थोडी बाजूला मी. नणंद खाली वाकली आणि तिच्या पायांवरची सैल झालेली पट्टी नीट बांधू लागली. मला काय म्हणायचे होते ते मी वाटेत चार वेळा मनात जुळवले होते. प्रत्यक्षात तोंडातून आले, "तुम्ही जाऊ शकता." तिने विचारले, "आई कशा आहेत?" मी म्हणाले, "बऱ्या आहेत." आणि जीपमध्ये जाऊन बसले. माफी मागण्याचे धैर्य वर्दी देत नाही; ते स्वतःच कमवावे लागते, आणि मला त्याला फार वर्षे लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी सांगते, जे नाही तोही पुरावा असतो; पण त्याचा अर्थ आपल्या सवयीने लावू नका, जाणणाऱ्याला विचारा. आणि शांत माणसाला दगड समजू नका. ज्याचे सगळे हात कुणाच्या तरी काळजीत गुंतलेले असतात, तो आपल्यासमोर हात पसरत नाही. ती मुलगी शपथ सांभाळत होती, भाजलेले पाय सांभाळत होती, आणि माझ्यापुढे खरे सांभाळून धरत होती. माझ्या बाई आता नाहीत. त्यांच्या ताटातले ते हरभरे मी रुमालात बांधून आणले होते. वाळून खडे झाले, पण काड्या अजून निसटलेल्या नाहीत.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाचे त्या घरून बोलावणे आले. सासूबाई आता खुर्चीवरून राज्य करतात. डाव्या हाताची कातडी सुरकुतलेल्या रेशमासारखी दिसते. सोवळे तेवढेच कडक. फक्त देवघराची खिडकी सताड उघडी, आणि शेगडी रोजच्या गॅसवर.

"आणि तो लसणाचा वास?" मी त्यांना डिवचले.

"येऊ दे मेला. देवीलाही कळू दे, घरात गॅस आहे ते."

"ऐका!" नणंद पानांत पुरण वाढता वाढता म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा मला नास्तिक म्हणायची."

सून आत वाकली. काडी ओढण्याआधी तिने जमिनीजवळ नाक नेऊन हुंगले, मग क्षणभर थांबली, आणि मग शेगडी पेटवली. ज्योत निळी, स्थिर. वेलदोडा आणि जायफळ खोलीत उठले. पोटऱ्यांवरचे जुने डाग लुगड्याच्या काठाखाली दिसत होते. निघताना तिने मला कुंकू लावले. तिची बोटे माझ्या कपाळावर होती तेवढ्यात मी, इतकी वर्षे जुळवत आलेले सगळे विसरून, विचारले, "माझ्यावर राग आहे का तुझा?"

तिने माझ्या डोळ्यांत पाहिले. ठाण्यात पाहिले होते तसेच, सरळ. आणि तेव्हा दोन दिवस दिलेले तेच उत्तर दिले. या वेळी त्यावर विश्वास ठेवायला मला क्षणही लागला नाही.

"नाही."